पूर्वसूचनेचा पर्याय गेला. आता पीक विम्याची भरपाई ठरते कशी?

प्रश्न (औसा तालुका, जि. लातूर)

नमस्कार. 2025 च्या खरिपात मी चार एकर सोयाबीनचा विमा उतरवला होता. सप्टेंबरच्या अतिवृष्टीत ओढ्याकाठचे दीड एकर आठवडाभर पाण्याखाली राहिले आणि शेंगांना जागेवरच कोंब फुटले. पूर्वीप्रमाणे 72 तासांच्या आत विमा कंपनीला नुकसानीची पूर्वसूचना द्यावी म्हणून सुविधा केंद्रात गेलो, तेव्हा तो पर्यायच आता राहिलेला नाही, असे मला सांगण्यात आले. विमा एक रुपयात होता तेव्हा शेतावर येऊन पाहणी होत असे आणि आता पदरचा हप्ता भरूनही ती होत नाही, हे कशामुळे? भरपाईचा दुसरा काही मार्ग आहे का?

उत्तर 1 (परभणी)

आपल्याला मिळालेली माहिती बरोबर आहे. केंद्राच्या पंतप्रधान पीक विमा योजनेत 2020 पासून केवळ उत्पन्नातील घटीचे संरक्षण मूलभूत मानले जाते. स्थानिक आपत्ती, काढणीपश्चात नुकसान, हंगामातील प्रतिकूल परिस्थिती आणि न झालेली पेरणी या बाबी ठेवायच्या की नाही, हे राज्याने ठरवायचे असते. 2023 च्या खरिपात सुरू झालेली एक रुपयाची सवलत राज्य शासनाने 2025 च्या खरिपापासून बंद केली, धान्य व तेलबियांवर खरिपासाठी संरक्षित रकमेच्या (विम्याने हमी दिलेल्या कमाल रकमेच्या) कमाल 2 टक्के आणि रब्बीसाठी कमाल दीड टक्का हप्ता शेतकऱ्यावर ठेवला, आणि त्याच वेळी या चारही जोखमी वगळल्या. त्यामुळे आता मुख्य भिस्त पीक कापणी प्रयोगांवर, म्हणजे निवडक प्लॉटमधील पीक कापून मंडळाचे सरासरी उत्पन्न काढण्यावर आहे.

हिशोब असा. मागील सात वर्षांतील सर्वोत्तम पाच वर्षांची सरासरी समजा हेक्टरी 15 क्विंटल आहे. तिला 70 टक्के जोखीमस्तराने (सरासरीच्या जितक्या भागाची विमा हमी देतो त्या प्रमाणाने) गुणले की साडेदहा क्विंटल हे उंबरठा उत्पन्न येते. यंदा आपल्या महसूल मंडळाचे (काही गावांच्या गटाचे) सरासरी उत्पन्न 8.4 क्विंटल भरले, तर घट उंबरठ्याच्या एक पंचमांश होते आणि 50,000 रुपये संरक्षित रकमेवर हेक्टरी 10,000 रुपये देय ठरतात. मात्र तीच सरासरी अकरा क्विंटल भरली, तर आपले दीड एकर पूर्ण वाया गेले असले तरी विम्यातून काहीच मिळत नाही.

दुसरा मार्ग आपत्ती निधीच्या मदतीचा आहे. ती पंचनाम्यावर मिळते, विम्यावर नव्हे. कोरडवाहू पिकासाठी हेक्टरी 8,500 रुपये असा तिचा दर असून 2025 मध्ये मर्यादा दोनवरून तीन हेक्टरांवर नेण्यात आली. पंचनाम्याच्या यादीत आपले गट क्रमांक आणि क्षेत्र बरोबर नोंदले आहे का, हे तलाठ्याकडे अवश्य पाहावे.

उत्तर 2 (गेवराई तालुका, जि. बीड)

वरील खुलासा नियमाला धरून आहे, पण त्यातील अन्याय झाकता येत नाही. एकाच मंडळात गोदाकाठची काळी जमीन असते आणि माळरानाची मुरमाड जमीनही. अतिवृष्टीत काठचे शेत बुडते, तर निचरा होणाऱ्या माळाचे पीक कधी कधी बरे येते, आणि सरासरी दोघांना एकाच मापाने मोजते. एक रुपयाच्या विम्यात बनावट अर्ज झाले हे खरे, परंतु त्यावरचा उपाय पडताळणी कडक करणे हा होता.

आमच्या जिल्ह्याचे उदाहरण बोलके आहे. 2020 मध्ये विमा कंपन्या बीडसाठी निविदाच भरेनात, तेव्हा 80:110 ही पद्धत आली. जमा हप्त्याच्या 110 टक्क्यांवरील भरपाई राज्याने सोसायची आणि भरपाई 80 टक्क्यांहून कमी झाली तर कंपनीने कमाल 20 टक्के ठेवून उरलेली रक्कम राज्याला परत करायची, असा तो ‘बीड पॅटर्न’. कंपनीच्या तोट्याला अशी मर्यादा घालता येते, तर शेतकऱ्याच्या स्वतंत्र नुकसानीसाठीही काही सोय बसवता आली असती, असे माझे मत आहे.

प्रश्नकर्ता

आभार. पिकात पाणी साचण्याची जोखीम 2026 च्या खरिपापासून परत येणार, असे वाचले. मग पुढच्या वर्षी सोयाबीनची पूर्वसूचना देता येईल का?

उत्तर 1 (परभणी)

त्या बातमीवर विसंबू नये. केंद्राने नोव्हेंबर 2025 मध्ये जे जाहीर केले, त्यात वन्य प्राण्यांचे नुकसान आणि भाताच्या शेतात पाणी साचणे यांचाच समावेश आहे. आपल्याकडे रानडुकरांचा आणि हरणांचा त्रास असल्याने पहिली बाब उपयोगी पडू शकेल. दुसरी मात्र भातापुरतीच आहे. सोयाबीनसाठी राज्याने वगळलेली स्थानिक आपत्तीची जोखीम राज्यानेच पुन्हा अधिसूचित करावी लागेल. म्हणून पुढील हंगामाचा हप्ता भरण्यापूर्वी त्या वर्षाच्या शासन निर्णयातील ‘जोखमीच्या बाबी’ हा भाग स्वतः वाचावा, आणि गावात कापणी प्रयोग असेल त्या दिवशी ग्रामस्तरीय समितीच्या सदस्यांसह प्लॉटवर उभे राहून वजन डोळ्यांसमोर करून घ्यावे.