सिनेमातला कृत्रिम माणूस ओळखू यावा का?

रातकिडा:
माझं मत: यावा, पण फक्त प्रेक्षकाला. ‘ब्लेड रनर’मध्ये (१९८२) रिडली स्कॉटने रेप्लिकंटांच्या, म्हणजे हुबेहूब माणसासारख्या कृत्रिम माणसांच्या, डोळ्यांत मधूनच तांबूस चमक आणली आहे. भिंगासमोर ४५ अंशांत अर्धपारदर्शक आरसा धरायचा आणि त्यावरून मंद प्रकाश नटाच्या डोळ्यांत सोडायचा. तो आतून परतून थेट कॅमेऱ्यात येतो. रेप्लिकंट बनवणाऱ्या टायरेलच्या कृत्रिम घुबडाचेही डोळे असेच पेटतात. पडद्यावरच्या कुणालाही मात्र ही चमक दिसत नाही. दिसली असती तर रेचल ही रेप्लिकंट आहे हे ओळखायला तिला शंभरावर प्रश्न विचारायची वेळ डेकार्डवर, म्हणजे रेप्लिकंट हुडकणाऱ्या नायकावर, आलीच नसती. आपल्याला आधीच कळतं, तरी तिच्यासाठी जीव तुटतो. खूण असावी तर अशी.

मधली सुट्टी:
मला नाही पटत. खूण मिळाली की प्रेक्षक निर्धास्त होतो. ‘एलियन’मधला (१९७९) ॲश बघा, अंतराळयानावरचा कृत्रिम माणूस. चेहरा, कपडे, बोलणं, सगळं चारचौघांसारखं. मग सहकारी रिप्लीवर हात टाकण्याआधी त्याच्या कपाळावरून एक थेंब ओघळतो. घाम नाही, रक्त नाही, दुधासारखा पांढरा. पोटात गोळा येतो, कारण तोवर दिग्दर्शकाने आपल्या हाती काहीच दिलेलं नसतं. आधीपासून डोळे चमकवले असते तर तो थेंब वाया गेला असता.

रातकिडा:
निर्धास्त कुठे? घरात रेचलच्या मागे डेकार्ड धूसर उभा असताना त्याचेच डोळे क्षणभर चमकतात. तोही रेप्लिकंट आहे का, यावर त्या चमकेवरून लोक अजून भांडतायत. आणि ॲशचं म्हणाल तर बाहेर परजीवी चिकटलेला सहकारी असताना विलगीकरणाचा नियम मोडून यानाचं दार तोच उघडतो. ती खूणच की.

मधली सुट्टी:
ती दुसऱ्यांदा बघताना कळते. पहिल्यांदा वाटतं, सहकाऱ्याच्या काळजीने उघडलं. वागण्यातली खूण मला हवीच आहे. माझा आक्षेप आहे तो नटाच्या अंगावर शिक्का मारण्याला.

चंदेरी:
मग ‘एक्स मॅकिना’चं काय करायचं? त्यातल्या एव्हा या यंत्रमानवाचा चेहरा, हात, पावलं माणसाची. पोट आणि दंड पारदर्शक, आतली यंत्रणा लखलखते. शिक्का अंगभर आहे! तिला बनवणारा नेथन तर तिची परीक्षा घ्यायला आलेल्या केलेबला स्पष्टच सांगतो, ती यंत्र आहे हे दिसत असूनही तुला ती सजीव वाटते का, तेच तपासायचंय. शेवटी केलेबला स्वतःचीच खात्री वाटेना होते आणि तो आरशासमोर ब्लेडने हात कापून बघतो. इतकी उघड खूण असून संशय उलटा माणसावर येतो.

शेवटची रांग:
पण या खुणा बाईच्याच शरीरावर किती हौसेने काढल्या जातात, तेही बघा. ‘मेट्रोपोलिस’मध्ये (१९२७) कामगारांना धीर देणारी खरी मारिया साधी, सोज्वळ. तिच्या रूपात घडवलेल्या यंत्राचे, खोटीचे, डोळे गडद रंगवलेले, एक पापणी अर्धी मिटलेली, पुढे मादक नाच. नटलेली ती नकली, असंच त्या खुणेने शिकवलं. मला हे खटकतं आणि खटकत राहणार.

चंदेरी:
नाचाबद्दल तुमचं मान्य. पण मूकपटात आवाजाचा आधार नव्हता आणि दोन्ही मारिया ब्रिगिट हेल्मनेच केल्या. तिने फरक दाखवला तो अंगाने: झटक्यात वळणारी मान, हिसके देणारे खांदे. काजळ पुसलं तरी खोटी मारिया ओळखू येईल. आणि रातकिडा, तुमच्या नियमाला इथे अपवाद आहे. कामगार तिच्यामागे पेटून उठतात तेव्हा ही मारिया नव्हे, असं नायक फ्रेडर सगळ्यांदेखत ओरडून सांगतो. कुणी ऐकत नाही.