शीर्षक कापताना "नाही" पण कापलं जातंय, काय करावं?

हळदपट्टा, वसमत:

नमस्कार मंडळी. वसमत आणि आजूबाजूच्या शेतकऱ्यांसाठी बाजारभाव आणि कालव्याच्या बातम्यांची छोटी वेबसाइट चालवतो. पीएचपी, मायएसक्यूएल, स्वस्तातलं शेअर्ड होस्टिंग. पहिल्या पानावर बातम्यांची कार्डं आहेत आणि मोबाइलवर मांडणी बिघडू नये म्हणून शीर्षक ६० वर कापायलोय.

आधी सबस्ट्र (मजकूर कापायचं पीएचपीचं फंक्शन) वापरलं. मराठी शीर्षक दोन-तीन शब्दांतच संपायचं आणि शेवटी कधी कधी काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह यायचं. एमबी_सबस्ट्र केल्यावर प्रश्नचिन्ह गेलं, पण आता शब्द मोडतात. "पंचनाम्याचे" मधलं "पंचनाम्" एवढंच उरतं, पाय मोडका म लटकत राहतो.

खरं दुखणं वेगळंच आहे. "पूर्णा प्रकल्पाच्या कालव्याला सोमवारपासून पाणी सोडले जाणार नाही" हे शीर्षक कार्डावर "पाणी सोडले जाणार न…" असं दिसलं. घाईत बघणाऱ्याला तो "न" कुठला दिसतोय? ओळखीचे एक काका तेवढं वाचून गव्हाला पाणी द्यायला मजूर सांगून बसले. अक्षर न मोडता कसं कापायचं, आणि "नाही" कसं वाचवायचं?

गोदाकाठ, नांदेड:

भाऊ, दिसण्यासाठी कापायचं असेल तर सर्व्हरवर कापूच नका. पूर्ण शीर्षक पाठवा आणि सीएसएसला (पान कसं दिसावं ते ठरवणाऱ्या नियमांना) कापू द्या. डिस्प्ले: -वेबकिट-बॉक्स, -वेबकिट-बॉक्स-ओरिएंट: व्हर्टिकल, -वेबकिट-लाइन-क्लॅम्प: ३, ओव्हरफ्लो: हिडन. नावात वेबकिट असलं तरी फायरफॉक्समध्येही २०१९ पासून चालतं. स्क्रीन रुंद असेल तर जास्त मजकूर दिसतो, अरुंद असेल तर कमी, आणि अंध वाचकाच्या स्क्रीन रीडरला पूर्ण वाक्य मिळतं.

दोन गोष्टी सांभाळा. इंग्रजी थीममध्ये लाइन-हाइट (ओळीची उंची) बऱ्याचदा १.२ च्या आसपास असते. ओव्हरफ्लो हिडन केलं की त्यात आपले रफार, अनुस्वार आणि खालचे उकार छाटले जातात, १.६ ठेवा. आणि कार्ड फ्लेक्समध्ये असेल तर मजकुराच्या डब्याला मिन-विड्थ: ० द्या, नाहीतर लांबलचक शब्द कार्डाबाहेर पळतो.

मांजरा, लातूर:

गोदाकाठ दादांचं बरोबर आहे, पण त्यानं "नाही" वाचणार नाही. मी बरीच वर्षं मराठी बातम्यांची पानं बांधतेय, त्यामुळे या विषयावर जरा सविस्तर लिहिते.

पहिल्यांदा प्रश्नचिन्हाचं. सबस्ट्र बाइट मोजतं. यूटीएफ-८ (मजकूर साठवायची पद्धत) मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं, म्हणून तुमच्या ६० मध्ये जेमतेम २० चिन्हं मावतात, त्यात काना, मात्रा, हलन्त सगळे आले. कात्री त्या तीन बाइटच्या मधे पडली की प्रश्नचिन्ह. एमबी_सबस्ट्र चिन्हं मोजतं, पण आपलं अक्षर म्हणजे एक चिन्ह नव्हे. "स्त्री" डोळ्याला एक अक्षर दिसतं, आत सहा चिन्हं आहेत. "शेतकऱ्यांना" मध्ये ११. पण कुणी तो ऱ्या जुन्या पद्धतीनं, म्हणजे र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह देऊन टाइप केला असेल तर १२. दिसायला तोच शब्द, लांबी वेगळी. त्यामुळे आकड्यावर भिस्त ठेवून काही होत नाही.

अक्षरानुसार मोजायला पीएचपीत ग्राफीम_सबस्ट्र आहे, ब्राउझरमध्ये इंटल.सेगमेंटर. फायरफॉक्समध्ये ते २०२४ ला आलं, क्रोम आणि सफारीत आधीपासून होतं. तरी सावध राहा: जोडाक्षर एकसंध धरायचा नियम युनिकोडमध्ये २०२३ च्या १५.१ आवृत्तीत आला. स्वस्तातल्या होस्टिंगवर आयसीयू (युनिकोडचे नियम लावणारी लायब्ररी) ७४ च्या आधीचं असेल तर "क्ष" चे अजूनही दोन तुकडे होतील. म्हणून मी एवढंच करते: ठरलेल्या लांबीपर्यंत घ्यायचं, मग मागे सरकत शेवटच्या मोकळ्या जागेपर्यंत यायचं आणि तिथे तोडायचं. पूर्ण शब्द राहिला की जोडाक्षराचा प्रश्नच उरत नाही. कापण्याआधी एचटीएमएल टॅग काढून टाका, नाहीतर उघडा राहिलेला ठळक टॅग खालचं सगळं पान ठळक करून टाकतो.

आता तुमच्या काकांचं. आपल्या भाषेत क्रियापद शेवटी आणि नकार त्याच्याही मागे. "मुदतवाढ मिळणार नाही", "पंचनामे झाले नाहीत", "अर्ज स्वीकारणार नाही". शेवट कापला की अर्थ उलटतो. इंग्रजी शीर्षक मागून कापलं तर बहुतेक वेळा तपशील जातो, आपल्याकडे निर्णयच जातो. हे कुठल्याही प्रोग्रामला सोपवू नका. डेटाबेसमध्ये "छोटं शीर्षक" असा वेगळा रकाना करा आणि बातमी लिहिणाऱ्यालाच तो भरायला लावा: "सोमवारी पाणी नाही : पूर्णा कालवा". रकाना रिकामा असेल तर पूर्ण शीर्षक तीन ओळींत दाखवा, कार्ड उंच झालं तर होऊ द्या. कार्डांची उंची सारखी दिसावी म्हणून शेतकऱ्याला चुकीची बातमी द्यायची नाही, एवढं माझं ठाम मत आहे.

नावांचंही तेच. पिंपळगाव बुद्रुक आणि पिंपळगाव खुर्द, दोन्ही कापले की "पिंपळगाव…". डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ छत्रपती संभाजीनगरचं, डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ लोणेऱ्याचं, प्रवेशाच्या यादीत दोघांचं "डॉ. बाबासाहेब आंबेडकर…" झालं तर पोरगं भलत्याच ठिकाणी अर्ज करेल. इथे कापण्याऐवजी लोकांनी आधीच रुळवलेले संक्षेप घ्या: बु., खु., ता., जि., छ. संभाजीनगर, वनामकृवि (वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ), स्वारातीम विद्यापीठ (स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ). संक्षेपांची एक टेबल करून ठेवा, प्रत्येक पानावर कामाला येते.

हळदपट्टा, वसमत:

ताई, दादा, मनापासून आभार. छोट्या शीर्षकाचा रकाना आजच टाकला आणि लाइन-हाइट वाढवली. "पूर्णा" चा रफार आता नीट दिसायलाय. एक राहिलं. भावाच्या तक्त्यात गाव, वाण, किमान, कमाल, सरासरी असे पाच रकाने आहेत. मोबाइलवर गावाच्या नावाला जागाच उरत नाही. तिथे तीन टिंबं देऊन बोट ठेवल्यावर पूर्ण नाव दाखवू का?

मांजरा, लातूर:

टायटल अॅट्रिब्यूट (माउस वर नेल्यावर दिसणारी टीप) म्हणत असाल तर नको. ते माउसवर चालतं, मोबाइलवर बोट ठेवून दिसत नाही, आणि तुमचे वाचक मोबाइलवरच आहेत. गावाचं नाव तक्त्याच्या रकान्यात ठेवूच नका. प्रत्येक गावासाठी वर आडवी पूर्ण रुंदीची ओळ द्या, कोलस्पॅन ४ (म्हणजे उरलेल्या चारही रकान्यांवर पसरलेली), तिच्यात "पिंपळगाव बु., ता. वसमत" असं लिहा, आणि खाली वाणाप्रमाणे भाव. प्रत्येक गावाचा वेगळा टीबॉडी (ओळींचा गट) करा, ती ओळ टीएच (शीर्षकाचा रकाना) करा आणि स्कोप रोग्रुप द्या, म्हणजे स्क्रीन रीडरलाही कुठला भाव कुठल्या गावचा ते कळतं. तालुका गाळू नका, एकाच नावाची गावं शेजारच्या तालुक्यातही निघतात.