म्युनिक की बोब्लिंगन? शुक्रवारपर्यंत कळवायचंय

चिंचवडकरीण

नमस्कार मंडळी. नवऱ्याला जर्मनीतून दोन ऑफर आल्यात. एक म्युनिकची, दुसरी स्टुटगार्टजवळच्या बोब्लिंगनची. काम दोन्हीकडे तेच, गाड्यांच्या कंट्रोल युनिटचं एम्बेडेड सॉफ्टवेअर. म्युनिकवाले वर्षाला सहा हजार युरो जास्त देतायत. पुढच्या शुक्रवारपर्यंत हो-नाही कळवायचंय. व्हिसा वगैरे होऊन मे-जूनमध्ये तिघं तिकडे पोचू.

मी फिजिओथेरपिस्ट. सकाळी हॉस्पिटल, संध्याकाळी होम व्हिजिट, कॉलेज संपल्यापासून हेच चालू आहे. मुलगी ऑगस्टमध्ये सहाची होईल. जर्मनचा ए१ क्लास, म्हणजे पहिली पायरी, नुकताच लावलाय.

नवऱ्याला म्युनिक हवंय: मोठं शहर, मुंबईहून थेट विमान. सासरे म्हणतात, पगार जास्त तिकडे जा. मला दोन्हीकडे ओढ वाटत नाही, कारण सोमवारी सकाळी नवरा ऑफिसला गेला की पुढे माझा दिवस कसा जाणार, हे दोन्ही शहरांत मला दिसतच नाही. तिकडे राहणाऱ्यांनी कृपया सांगा.

इझारकाठी

म्युनिक घ्या. घरभाड्याची भीती सगळे घालतील आणि ती खरी आहे. नव्या भाडेकरूला महिन्याला चौरस मीटरमागे २० युरोच्या वर पडतात, तेही नुसतं घराचं. हीटिंग, पाणी, कचरा वेगळं. ७० मीटरचं घर म्हणजे १४०० च्या पुढेच. डिपॉझिट तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकं मागतात, कायद्याने त्याहून जास्त मागता येत नाही.

तरीही म्युनिक, कारण या शहराचं पोट एकाच धंद्यावर नाही. बीएमडब्ल्यू आहे, तशी सीमेन्स आहे, इन्फिनिऑन आहे, बड्या विमा कंपन्या आहेत. स्टुटगार्टचा पट्टा गाड्यांवर जगतो: मर्सिडीज, पोर्शे, बॉश आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे. बॉशने सप्टेंबर २०२५ मध्ये वाहन विभागातल्या आणखी १३,००० नोकऱ्या कमी करायचं जाहीर केलं, त्यातल्या बहुतेक जर्मनीतल्या. तुमच्या मिस्टरांचं काम नेमकं त्यातलंच. पहिले सहा महिने प्रोबेशन असतं आणि त्या काळात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर काढता येतं, हेही धरून चाला.

बर्लिनवाला

तुमच्या यादीत बर्लिन नाही, म्हणून एवढंच. इथे २०१८ पासून किंडरगार्टनला फी नाही, फक्त जेवणाचे पैसे. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये, म्हणजे बोब्लिंगनच्या बाजूला, फी गावागणिक वेगळी असते. दोन्ही गावांचे फीचे तक्ते नगरपालिकेच्या साइटवरून काढा आणि मगच सहा हजारांची तुलना करा.

नेकारकाठची

मी मिरजेची, फिजिओच. एसलिंगनला एका प्रॅक्टिसमध्ये काम करते, म्हणून तुझा प्रश्न वाचून राहवलं नाही. सोमवार सकाळचं लिहिलंस ना, शहर निवडताना तिथूनच सुरुवात कर. नवऱ्याचं टेबल, लॅपटॉप, सहकारी सगळं तयार आहे. दोन्हीपैकी कुठेही त्याचा दिवस पहिल्या दिवसापासून भरलेला असेल. तुझा आणि लेकीचा दिवस उभा करावा लागणार आहे. तो जिथे लवकर उभा राहील ते शहर घ्या.

आधी तुझ्या कामाचं. नवरा ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षितांच्या वर्क परमिटवर, आला की तुला काम करायची मुभा लगेच मिळते, पण फिजिओथेरपिस्ट म्हणून नाही. त्याला सरकारी मान्यता लागते, जर्मन बी२ पर्यंत, म्हणजे चौथ्या पायरीपर्यंत, लागतं, आणि मान्यतेचा अर्ज ज्या राज्यात काम करणार तिथल्या कार्यालयात करायचा. बोब्लिंगनला राहिलीस तर रेगीरुंग्सप्रेझीडिउम स्टुटगार्ट, म्युनिकला राहिलीस तर बायर्न राज्याचं. ते तुझा अभ्यासक्रम इथल्या अभ्यासक्रमाशी तास मोजून ताडून बघतात. जे कमी पडेल त्यासाठी एकतर परीक्षा द्यायची किंवा ठरावीक काळ देखरेखीखाली काम करत ते भरून काढायचं. मान्यता मिळाली की मात्र ती देशभर चालते आणि कामाला तोटा नाही. फिजिओ सगळीकडेच कमी आहेत.

काम कसं असतं तेही सांगते, नाहीतर डोक्यात हॉस्पिटलचं चित्र राहील. डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन पेशंट येतो, साधारण वीस मिनिटांचं सेशन, लगेच पुढचा. मॅन्युअल थेरपी आणि लिम्फ ड्रेनेज यांची वेगळी सर्टिफिकेटं लागतात, नाहीतर विमा कंपनी त्या उपचाराचे पैसे देत नाही. पेशंट बहुतेक वयस्कर. माझ्या सकाळच्या आजी पालथ्या झोपून उशीच्या भोकातून तोंड खाली करून श्वाबिश या इथल्या जर्मन बोलीत बोलतात, आणि दुखणं नेमकं कुठे आहे ते त्यातूनच काढायचं असतं. बी२ का मागतात ते तिथे कळतं. इंग्रजीवर भागणारं शहर नवऱ्याला सोयीचं वाटेल, तुझ्या कामाला त्याचा काही उपयोग नाही.

आता सोमवार. इथे बऱ्याच किंडरगार्टनची वेळ सहा तासांची असते, साडेसात ते दीड अशी. पूर्ण दिवसाची जागा कमी ठिकाणी मिळते आणि नोकरी करणाऱ्या आयांना आधी. जर्मनचा इन्टेन्सिव्ह क्लास साधारण नऊ ते साडेबारा. म्हणजे लेकीला सोडून क्लासला पोचायचं आणि क्लास सुटल्यावर दीडच्या आत तिच्या दारात. घर ते क्लास अर्ध्या तासाचं असेल तर हे रोज जमतं. तासाचं असेल तर रोज धापा टाकशील, आणि मूल आजारी पडलं की पहिला बळी क्लासचा जातो. आमच्या ओळखीत दोघीतिघींचं जर्मन बी१ ला अडकलं ते याच कारणाने. हुशारीत कुणीच कमी नव्हत्या.

म्युनिक वाईट नाही. पण म्युनिकच्या ऑफरवर तुम्ही म्युनिकमध्ये राहाल का, ते बघ. भाडं बघून बहुतेक कुटुंबं एस-बानच्या, म्हणजे लोकल गाडीच्या, टोकाकडे सरकतात, डाखाउ, फ्रायसिंग, एर्डिंग. नवरा जाईल तासभर प्रवास करून. तू?

बोब्लिंगनला सिंडेलफिंगनबरोबर मिळून स्वतःची फोल्क्सहोखशूले आहे, म्हणजे गावाची प्रौढांसाठीची शाळा. भाषेचे वर्ग तिथेच. वरचा वर्ग तिथे नसला तर एस१ ही लोकल पकडून स्टुटगार्टच्या श्टाटमिटे स्टेशनला उतर, स्टुटगार्टची मोठी शाळा तिथेच रोटेब्यूलप्लात्सवर आहे. गाडीत साधारण पंचवीस मिनिटं. स्टुटगार्ट २१ चं, म्हणजे तिथल्या नव्या मुख्य स्टेशनचं, काम २०१० पासून चालू आहे आणि त्यापायी एस-बान कधीकधी बंद असते, हा इथला खरा मनस्ताप.

मुलीचं: ऑगस्टचा जन्म ही चांगली गोष्ट आहे. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये ३० जूनपर्यंत सहा पूर्ण झालेल्यांनाच त्या सप्टेंबरला शाळेची सक्ती आहे. तिला पूर्ण एक वर्ष किंडरगार्टन मिळेल आणि भाषा खेळता खेळता येईल. बायर्नमध्येही जुलै ते सप्टेंबरमध्ये जन्मलेल्यांच्या बाबतीत आईवडील वर्षभर थांबायचं ठरवू शकतात. त्यामुळे इथे दोन्ही सारखे. ते वर्ष मात्र सोडू नका. दोन्ही राज्यांत प्राथमिक शाळा चौथीपर्यंतच, आणि पुढे कुठल्या प्रकारच्या शाळेत जायचं ते तिथेच ठरायला लागतं. शाळा पत्त्यावरून मिळते, म्हणून घर घेताना शाळाही घेतोय असं समजा.

सहा हजारांचं गणित: महिन्याला पाचशे, कर आणि विमा कापून हातात तीनशेच्या आसपास. भाड्यातच जातील.

इझारकाठींनी नोकऱ्यांचं लिहिलंय ते शंभर टक्के खरं, आणि त्याची काळजी आमच्या घरातही आहे. पण त्यावर माझ्या मते मोठा आधार तुझा पगार. नवऱ्याची नोकरी गेली तर म्युनिकमध्ये दुसरी लवकर मिळेल. तू कमावती असलीस तर ती शोधायला त्याला शांतपणे वेळ मिळेल. तू लवकर कामाला लागशील ते गाव म्हणून मी बोब्लिंगन म्हणते.

इझारकाठी

घर ते क्लासचा मुद्दा मान्य, मी त्या बाजूने बघितलंच नव्हतं. तरी एक सांगतो: म्युनिकच्या कंपनीला विचारा, घरातून किती दिवस काम चालेल. आठवड्यात तीन दिवस असेल तर सकाळी लेकीला सोडायचं काम मिस्टर करू शकतील आणि लांबचं घरही चालेल. हे तोंडी नको, करारात लिहून घ्या.

चिंचवडकरीण

ताई, तुमचा प्रतिसाद काल रात्री दोघांनी बसून वाचला. नवऱ्याने नकाशा उघडून दोन्हीकडे ऑफिस सोडून बाकीच्या खुणा टाकल्या, पहिल्यांदाच. म्युनिकच्या एचआरला घरून कामाचं विचारलं. उत्तर आलं, आठवड्याला एक दिवस, तोही प्रोबेशननंतर. आम्ही बोब्लिंगनला हो कळवतोय. सासऱ्यांना तीनशे युरोचा हिशेब कागदावर मांडून दाखवला, त्यांना पटला.

आता इथून निघायच्या आधी मी काय काय गोळा करू? आणि घर इथूनच बुक करावं का?

नेकारकाठची

छान झालं. घर तिथूनच कायमचं घेऊ नका, न बघता तर नाहीच. पहिल्या तीन महिन्यांसाठी सामानासकट घर घ्या, मात्र घरमालक पत्ता नोंदवायला कागद देणार का ते आधी विचारा. तो कागद नसेल तर पत्ता नोंदवता येत नाही, आणि बाकीची बरीच कामं त्या नोंदीवर अडतात. कायमचं घर बघायला जाल तेव्हा स्वयंपाकघर आहे का ते विचारा. बऱ्याच घरांत ओटा, सिंक, शेगडी काहीच नसतं, भिंतीतून नळाचे पाइप तेवढे बाहेर आलेले दिसतात. ते सगळं आपल्याला बसवावं लागतं, खर्च धरून ठेवा.

कागद: डिग्री, सगळ्या वर्षांच्या मार्कशीट, इंटर्नशिपचं सर्टिफिकेट, फिजिओथेरपी कौन्सिलची नोंदणी, हॉस्पिटलचं अनुभवाचं पत्र आणि त्यात कुठल्या विभागात काय काम केलं ते. पण सगळ्यात आधी विषयवार तासांचा कागद कर: थिअरी किती तास, प्रॅक्टिकल किती, क्लिनिकल पोस्टिंग कुठल्या विभागात किती. कॉलेजच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासकट. तुझं विद्यापीठ नाशिकचंच असेल तर ट्रान्सक्रिप्टचा अर्जही आजच टाक. इथे आल्यावर कॉलेजच्या क्लार्कच्या मागे फोनवरून लागणं फार कठीण जातं. भाषांतर मान्यताप्राप्त भाषांतरकाराकडूनच, आणि मूळ कागद हातातल्या बॅगेत ठेव, चेक-इनच्या सामानात नको.