चेहरा, केस आणि इथली दमट हवा: तुम्हाला कोणता कट शोभला?

गणपतीला घर भरायच्या आत केस कापून घ्यायचेत. चेहरा गोल, केस जाड, मुक्काम रत्नागिरी. मागच्या जूनमध्ये हनुवटीपर्यंतचा बॉब केला. पार्लरमध्ये ड्रायरने सरळ करून दिला, तेव्हा सुरेख दिसला. घरी पहिल्यांदा धुऊन पंख्याखाली वाळवला, तर दोन्ही गालांवर केस फुगून बसले आणि चेहरा होता त्याहून रुंद दिसायला लागला. पूर्ण पावसाळा क्लिपा लावून काढला. गोल चेहऱ्याला हे, लांब चेहऱ्याला ते, असे तक्ते खूप वाचलेत. आपल्या हवेत केस ओलावा पिऊन फुगतात, हे त्यात कुठेच नसतं. म्हणून इथल्यांनाच विचारते. चेहरा कसा, केस कसे, काय कापलं, आणि घरी धुतल्यावर कसं दिसलं?

मालवणहून
ताई, माझे केस कुरळे, जबडा चौकोनी. ओले असताना हनुवटीखाली तीन बोटं सोडून कापले. वाळल्यावर वर चढले आणि सरळ कड नेमकी जबड्याच्या रेषेवर आली. आजीने दारातच विचारलं, "केस कित्याक कापलंस गो?" केस महिन्याला साधारण १ सेंटीमीटर वाढतात, म्हणजे ती तीन बोटं परत यायला पाच महिने गेले. आता मी केस वाळलेले असतानाच कापून घेते आणि खालची कड सरळ ठेवू देत नाही. उतरत्या लेयरमुळे जबडा मऊ दिसतो. कुरळे केस असतील तर हे आधी ठरवूनच खुर्चीत बसा.

वेंगुर्ल्याहून
चेहरा लांबट, म्हणून कपाळावर फ्रिंज घेतली. सल्ला चुकीचा नव्हता, फ्रिंजने चेहऱ्याची लांबी कमी दिसतेच. पण माझ्या कपाळाशी भोवरा आहे. तिथले केस उभे राहायचे आणि बाकीचे घामाने चिकटायचे. शेवटी भांग बाजूला घेतला, गालाच्या हाडापर्यंत फ्लिक्स ठेवल्या आणि कानाजवळ केस थोडे भरलेले ठेवले. तेवढंच पुरलं. भोवरा कुठे आहे ते कापणाऱ्याला आधी दाखवा.

दापोलीहून
पुरुषांनी लिहिलं तर चालेल ना? माझा चेहरा गोल. उकाड्यामुळे सरसकट दोन नंबर मशीन मारायचो, म्हणजे ६ मिलिमीटर. चेहरा आणखी गोल दिसायचा. आमच्या सलूनवाल्या काकांनीच सुचवलं, बाजूला दोन नंबर राहू दे, वर कात्री लावू. वर दोन बोटं केस राहिले, तेवढ्याने चेहरा उभट वाटतो. मानही मोकळी राहते.

देवगडहून
मी पन्नाशीची, केस कापलेच नाहीत. कपाळ रुंद, हनुवटी निमुळती. अंबाडा डोक्यावर उंच बांधला की कपाळच दिसायचं. आता मानेवर सैल बांधते, भांग जरा बाजूला, कानापुढे एकेक बट. सणाला अबोलीचा वळेसर अंबाड्याभोवती असा माळते की त्याची कड कानाखालून डोकावते. चेहरा खालच्या बाजूला भरल्यासारखा दिसतो.

रत्नागिरीहून, हा प्रश्न विचारणारी
सगळ्यांचं वाचलं. आज आरशासमोर सरळ उभी राहून साबणाने चेहऱ्याची कड आरशावर काढली. गालाशीच सगळ्यात रुंद आहे, तेव्हा तिथे केस थांबू द्यायचे नाहीत. शनिवारी रात्री धुऊन, ड्रायर न लावता वाळवलेले केस घेऊन रविवारी जाते. लांबी खांद्याखाली दोन बोटं, पुढच्या लेयर हनुवटीच्या खालून सुरू, भांग बाजूला. वाळल्यावर कसं बसलं ते इथेच लिहीन.