निधी बांधायला मिळतो हो, चालवायला नाही

वर एकाने विचारलंय की सरकार स्मारकांना एवढा पैसा देतंय तर ट्रस्टवाले परत वर्गणीला दारात का येतात. भावा, चौथरा, पुतळा, कंपाउंड, फरशी ह्याला निधी मंजूर होतो कारण त्याचं उद्घाटन करता येतं, वॉचमनच्या पगाराचं नि लाईटबिलाचं कोण उद्घाटन करणार? कोल्हापुरात जुलैत आठवडाभर ऊन पडलं नाही की स्मारकातल्या जुन्या फोटोंना फ्रेमच्या आतनं बुरशी धरते, फोटो काचेला चिकटतो, तो खर्च निधीच्या कुठल्या हेडमधनं टाकायचा?

केंद्राचं अनुदान पाहिजे तर आधी धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, पॅन, एनजीओ दर्पण ह्या नीती आयोगाच्या पोर्टलवरचा युनिक आयडी, ऑडिट झालेले हिशोब, आणि पैसे आले की युटिलायझेशन सर्टिफिकेट, म्हणजे पैसे कशावर खर्चले त्याचा दाखला, ते नाही गेलं की पुढचा हप्ता अडकला. इकडं गवंडी कच्च्या चिठ्ठीवर हिशोब देणार, ५००० च्या वरच्या रोख पावतीवर १ रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लावून सही दे म्हटलं की तो आपल्याकडंच संशयानं बघतोय.

आणि कसबा बावड्यातल्या शाहू जन्मस्थळाचं उदाहरण इथं देऊ नका राव, ते राज्य संरक्षित स्मारक आहे, म्हणजे सरकारच्याच देखभालीतलं, गल्लीतल्या ट्रस्टचा त्याच्याशी काय मेळ.

त्यापेक्षा सीएसआर बघा, म्हणजे कंपन्यांनी समाजकामावर करायचा खर्च. कंपनी कायद्याच्या अनुसूची ७ मध्ये वारसा जतन बसतं, फक्त १२ए, ८०जी (दोन्ही आयकर सवलतीच्या) आणि सीएसआर-१ (कंपनी मंत्रालयाकडची) ह्या नोंदण्या आधी करून ठेवा, कंपनीवाले पहिलं तेच मागतात.