शब्दचर्चा: संगणक ‘अद्ययावत’ ठेवा म्हणजे नेमकं काय करा?

मूळ प्रश्न (डिचोली)

आमच्या गावच्या वाचनालयात वाचकांसाठी एक संगणक आहे. त्याच्या वरच्या भिंतीवर दोन वर्षांपूर्वी मीच सूचना लिहून लावली: ‘संगणक अद्ययावत ठेवण्यास सहकार्य करावे.’ गेल्या आठवड्यात बारावीतल्या एका मुलीनं विचारलं, “काका, सहकार्य करते, पण अद्ययावत म्हणजे करू काय?” मी म्हटलं, “अपडेट गं.” ती म्हणाली, “मग तसंच लिहा ना.”

तेव्हापासून ती सूचना मला टोचतेय. अद्ययावत, अद्यतन, अपडेट, अपग्रेड हे सगळे एकच का? आणि भिंतीवर काय लिहावं? यंत्र जुनं आहे, चौथ्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, फिरती हार्ड डिस्क, विंडोज १०. सकाळी बटण दाबलं की तो कामाला येईपर्यंत माझा चहा पिऊन कप विसळून होतो.

प्रतिसाद (फोंडा)

‘अद्य’ म्हणजे आज, ‘यावत्’ म्हणजे पर्यंत. अद्ययावत म्हणजे आजपर्यंतचं. मतदारयादी अद्ययावत असते, हिशेब अद्ययावत असतो. ‘अद्यतन’मध्ये ‘तन’ हा प्रत्यय, पुरातन, सनातन, अधुनातन यांतला. अर्थ ‘आजचा’. संस्कृत शिकलेल्यांना ‘अनद्यतन भूत’ आठवत असेल, म्हणजे जे आज घडलेलं नाही त्याचा भूतकाळ. तुमचा संगणक त्याच काळात राहतो असं वर्णनावरून वाटतं!

तेव्हा अद्यतन हे मुळात विशेषण. ‘तीन अद्यतने उपलब्ध आहेत’ असं नाम त्याचं पडद्यावरच्या मराठीनं केलं. मला खटकतं, पण चालू पडलं तर कोण अडवणार? मात्र तुमच्या सूचनेतली गोची वेगळीच आहे. अद्ययावत ही स्थिती झाली, अद्यतन ही वस्तू झाली, आणि त्या मुलीनं विचारली ती कृती. भिंतीवर क्रियापद हवं.

प्रतिसाद (वास्को)

मी दुरुस्तीवाला, मला व्याकरण कळत नाही. पण क्रियापद म्हणाल तर आमच्या धंद्यात एकच आहे: मारणे. अपडेट मार, रीस्टार्ट मार, स्कॅन मार, फॉरमॅट मार.

गिऱ्हाइकांच्या तोंडी अपडेट आणि अपग्रेड सर्रास एकाच अर्थानं येतात आणि घोळ तिथंच होतो. विंडोज १० ला महिन्याचे अपडेट यायचे, तो अपडेट. १० चं ११ करणं हा अपग्रेड. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यानंतर नोंदणी केलेल्यांना सुरक्षेपुरती एक वर्षाची मुदतवाढ, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. आणि ११ तुमच्या यंत्रावर रीतसर बसणार नाही, त्याला टीपीएम २.० (सुरक्षेची एक चिप) लागतो आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. म्हणजे तुमच्या भिंतीवर ‘अपडेट ठेवा’ लिहिलं तरी येणारा अपडेटच आटत चाललाय, काका.

लिनक्समध्ये, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या फुकटच्या प्रणालीत, आणखी गंमत. तिच्या उबुंटू या प्रकारात ‘एपीटी अपडेट’ ही आज्ञा मारली की काहीच बसत नाही, फक्त काय-काय नवं आलंय त्याची यादी ताजी होते. प्रत्यक्ष बसवायला ‘एपीटी अपग्रेड’ मारावं लागतं. तिथं फोंड्याच्या सरांचा अर्थ चपखल बसतो: यादी अद्ययावत झाली, संगणक नाही.

प्रतिसाद (फोंडा)

‘मारणे’वर थांबल्याशिवाय पुढे जाववत नाही. हाक मारतो, शिट्टी मारतो, फेरी मारतो, दांडी मारतो, गप्पा मारतो, डोळाही मारतो. एका झटक्यात होणारी, फारसा विचार न करता होणारी कृती असली की मराठी माणूस ‘मारतो’. (गप्पा झटक्यात होत नाहीत, पण विचार न करता होतात खऱ्या.) ‘फॉरमॅट करू का?’ असं विचारलं तर आपण क्षणभर थांबू. ‘फॉरमॅट मारू?’ म्हटलं की तोंडून आपोआप ‘मार’ निघतं. माझं तसंच झालं. संगणक रेंगाळतो म्हणून नेला, कारागिरानं फोनवर विचारलं, मी ‘मारा’ म्हटलं, आणि बावीस वर्षांच्या प्रश्नपत्रिका गेल्या. चूक माझीही, प्रत काढून ठेवली नव्हती. पण क्रियापदाचाही थोडा हात आहे असं मी अजून मानतो.

प्रतिसाद (पेडणे)

सर, वाईट वाटलं. माझी सूचना: शाकारणी.

शाकारणं म्हणजे छप्पर नीट करणं. आमच्याकडे अजून नळ्यांचं घर आहे. मे महिन्यात माणूस वर चढतो, नळे परततो, फुटके काढून नवे घालतो, वाशात साठलेला पालापाचोळा खाली टाकतो. घर गळतंय म्हणून नाही, गळू नये म्हणून. खाली घर तेच राहतं. संगणकाचा अपडेट तंतोतंत हाच. आणि अपग्रेड म्हणजे नळे उतरवून स्लॅब घालणं. त्याला भिंती पेलणाऱ्या लागतात, तुमच्या आय-थ्रीच्या नाहीत.

पालापाचोळ्याचंही तेच. तात्पुरत्या फाइली, रिकामा न केलेला रिसायकल बिन, चालू होताना आपोआप उठणारे दहा प्रोग्राम. आमच्या घरच्या यंत्रात कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडला आणि ‘स्टार्टअप’मधले सहा बंद केले, तेवढ्यानं फरक पडला.

प्रतिसाद (मडगाव)

ताई, शब्द गोड आहे, पण शाकारणी वर्षातून एकदा. विंडोजचे अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, आपल्याकडे तेव्हा रात्र असते. आणि त्यांतला महत्त्वाचा भाग असतो ‘पॅच’. पॅचला मराठीत ठिगळ. पण ठिगळ लावलेला माणूस आपल्याकडे गरीब ठरतो, म्हणून ‘सुरक्षा ठिगळ’ कोणी लिहीत नाही. माझ्या मते लिहावं. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस विंडोजमधल्या एका भोकातून जगभर पसरला, १२ तारखेला. त्या भोकाचं ठिगळ १४ मार्चलाच देऊन झालं होतं. ज्यांनी लावलं नव्हतं त्यांची यंत्रं कुलूपबंद झाली. आभाळ फाटलं नव्हतं, ठिगळ पेटीत पडून होतं.

प्रतिसाद (काणकोण)

ठिगळ पेटीत का पडून राहतं त्याचाही शब्द आपल्याकडे आहे: मागीर. पडद्यावर ‘आता रीस्टार्ट करा’ आणि ‘नंतर आठवण करा’ अशी दोन बटणं येतात. आमच्या घरात दुसऱ्या बटणाचं नावच ‘मागीर’. आई कोंकणीत म्हणते, “मागीर करतां,” आणि दाबते. पुढच्या वेळी परत मागीर.

जाता जाता: आजोबा विंडोजला ‘जनेलां’ म्हणायचे. खिडकीला आपण जनेल म्हणतो तो शब्द पोर्तुगीज ‘जनेला’वरून आला, तेव्हा भाषांतर बिनचूक आहे. हँग झालं की म्हणायचे, जनेल उघडलं पण वारा नाही.

प्रतिसाद (वास्को)

आजोबांना नमस्कार. आता खरा घोळाचा शब्द सांगतो: बंद.

लोक सांगतात, “रोज बंद करतो हो, तरी स्लो.” विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आहे आणि बहुतेक यंत्रांत ती आधीपासून चालू असते. तुम्ही शटडाउन मारता तेव्हा तुमचे प्रोग्राम बंद होतात, पण विंडोजचा गाभा बंद होत नाही. तो जसाच्या तसा डिस्कवर लिहून ठेवला जातो आणि सकाळी तिथूनच उचलला जातो. बेडकाच्या शीतनिद्रेसारखं. रीस्टार्ट मारलं की मात्र गाभा खरोखर बंद होऊन नव्यानं उभा राहतो. म्हणजे ‘बंद’ म्हणजे झोप आणि ‘रीस्टार्ट’ म्हणजे बंद. शब्दानं असं फसवलंय.

खोटं वाटत असेल तर टास्क मॅनेजरात ‘परफॉर्मन्स’, मग ‘सीपीयू’, आणि खाली ‘अप टाइम’ बघा.

मूळ प्रश्नकर्ता (डिचोली)

आत्ता वाचनालयात बसूनच बघितलं. मी रोज संध्याकाळी सातला स्वतःच्या हातानं बंद करतो. अप टाइम लिहिलंय १९:०३:४२:११. पहिला आकडा दिवसांचा का?

प्रतिसाद (वास्को)

दिवसांचाच. एकोणीस दिवस. रीस्टार्ट मारा, मी थांबतो.

मूळ प्रश्नकर्ता (डिचोली)

अकरा मिनिटं लागली. मध्ये ‘संगणक बंद करू नका’ असं लिहून टक्के मोजत बसला होता, बहुतेक कुठलंतरी ठिगळ तुंबलेलं होतं. आता जरा हलका वाटतोय. पण चालू व्हायला वेळ अजून तितकाच.

प्रतिसाद (वास्को)

तो फिरत्या डिस्कचा दोष, त्याला शब्द काही करू शकत नाही. एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, घाला. आणि ‘संगणक वेगवान करा’ म्हणणारं कुठलंही फुकटचं सॉफ्टवेअर बसवू नका, त्यातलं ‘क्लीनर’ हे नाव ‘बंद’पेक्षाही खोटं. डिस्क बदलतानाच, विंडोजचे अपडेट संपले असतील तर, वाचनालयापुरतं हलकं लिनक्स घालून देईन. आधी फाइलींची प्रत मात्र काढा. मी ‘मारू का’ विचारणार नाही, ‘पुसू का’ विचारेन.

प्रतिसाद (फोंडा)

‘पुसू का’ बद्दल आभारी आहे.

मूळ प्रश्नकर्ता (डिचोली)

सगळ्यांचं ऐकून नवी सूचना लिहिली:

‘दर बुधवारी सकाळी पहिल्या वाचकाने संगणक रीस्टार्ट करावा. ठिगळे लागत असताना बटण दाबू नये. “मागीर” दाबू नये.’

त्या मुलीला दाखवली. ती म्हणाली, “काका, हे कळलं. पण बुधवारी पहिला वाचक कोण ते कसं कळणार? सगळे म्हणणार मी दुसरा.”