मदत हवी आहे: लेकरू 'यै' की 'बाक-यिम'?

मंडळी, हाँगकाँगमध्ये राहतो. लेक इथल्याच बालवाडीत जातो, त्यामुळे कँटोनीज रोज कानावर पडते. 'ग्वाय' म्हणजे गुणी, 'यै' म्हणजे खोडकर, 'छी-सन' म्हणजे अंगाला चिकटून असणारं, एवढं कळतं. 'नौ-गै' तर डोळ्यांनीच शिकलो. लिफ्टपाशी पोरानं बसकण मारली, बिस्किटासाठी पाय आपटले, आणि शेजारच्या आजी हसून म्हणाल्या, 'नौ-गै!' (तरुण मंडळी 'लौ-गै' म्हणतात, न चा ल होतो.) आपला 'हट्ट' त्याच्या जवळ जातो, पण 'नौ-गै'त काहीतरी पदरात पाडून घ्यायचा डावही असतो.

अडलंय ते 'बाक-यिम'पाशी (हाही खोडकरपणाचाच शब्द, पण छटा कळत नाही). बालवाडीतल्या बाई परवा लेकाला तसं म्हणाल्या. ही तक्रार समजायची, की आपल्या 'वांड'सारखं कौतुकही असतं त्यात? 'फान-दौ' (हाही खोडकर मुलांसाठीच) त्याहून सौम्य का? इथं वाढलेल्या कुणी सांगाल का? उद्या बाईंना भेटायचंय.